टायर गरम होईपर्यंत

मिस्त्री : असं नाही, भाऊ. सांगू नका. आवाज काढून दाखवा.

बाबा : काढून काय दाखवायचं, मिस्त्री? ठक असा येतो.

मिस्त्री : हे तुम्ही वर्तमानपत्र वाचल्यासारखं म्हणालात. वहिनी यायच्या तेव्हा या स्टुलावर बसून सगळी गाडी तोंडाने वाजवायच्या. एकदा पंख्याचा पट्टा असा वाजवला की समोरचा दुकानदार बघायला आला. मी बॉनेट न उघडता नवा पट्टा मागवला होता.

मुलगी : आई घरीपण तेच करायची, काका. मिक्सर बिघडला की मिक्सरवाल्याला फोनवर आवाज ऐकवायची. मिक्सर बंद ठेवून.

बाबा : तिच्याकडे तोंड होतं. माझ्याकडे सुई आहे.

मिस्त्री : लाजू नका. इथे तुमची मुलगी आणि मी, दोघंच आहोत.

बाबा : ठ्ठक.

मिस्त्री : आता जमतंय. लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा?

बाबा : नाही. पोकळ. टेबलावर कापडाचा तागा टाकला की येतो ना, तसा.

मिस्त्री : कापडाचा तागा. तीस वर्षांत मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

बाबा : तीस वर्षांत तुमच्याकडे दुसरा शिंपी आला नसेल.

मुलगी : काका, मला एकच सांगा. गाडी भरवशाची आहे की नाही? चार वाजता एक माणूस ती बघायला घरी येणार आहे.

मिस्त्री : बघायला म्हणजे? विकताय, भाऊ?

बाबा : ती विकतेय. मी ऐकतोय.

मुलगी : बाबा, आपलं ठरलंय. काका म्हणाले गाडी चांगली आहे, तर ठेवायची. काका म्हणाले भरवसा नाही, तर चारच्या माणसाला द्यायची. तुम्हीच म्हणालात, तिची गाडी मिस्त्रींशिवाय कोणाला कळत नाही.

मिस्त्री : म्हणजे मी न्यायाधीश. आधी कळवलं असतं तर धुतलेला शर्ट घातला असता.

बाबा : पँट तरी बरी आहे.

मिस्त्री : असणारच. तुमच्याच हातची आहे. नऊ वर्षं झाली. रंग गेला, शिवण उसवली नाही.

बाबा : दुहेरी मारली होती. तुमचं काम मला माहीत होतं.

मिस्त्री : बरं, कामाचं बोलू. दोन तक्रारी आहेत. एक हा ताग्याचा आवाज. दुसरी?

बाबा : स्टिअरिंग थरथरतं.

मिस्त्री : कधी?

बाबा : सत्तरच्या पुढे गेलं की सुरू होतं. ऐंशीला जास्त.

मिस्त्री : ऐंशीच्या पुढे?

बाबा : पुढे मी गेलो नाही.

मुलगी : पुढेही गेले नाहीत आणि माझ्याकडेही पोचले नाहीत. गेल्या महिन्यात माझ्याकडे यायला निघाले होते, काका. शंभर किलोमीटर. अर्ध्या वाटेतून परत फिरले. मी दारात उभी. फोन उचलत नाहीत. तीन तासांनी फोन येतो, मी घरी आहे, जेवलो.

बाबा : जेवलो होतो, म्हणून सांगितलं.

मिस्त्री : थरथर फक्त हातात येते की सीटलाही?

बाबा : हातात.

मिस्त्री : मग पुढची चाकं. मागची असती तर बुडाखाली कळलं असतं. ब्रेक मारल्यावर वाढते?

बाबा : नाही.

मिस्त्री : मग ब्रेकचा दोष नाही. आधी होती का? वहिनी चालवायच्या तेव्हा?

बाबा : कधीच नाही. आम्ही माल पोचवायला जायचो तेव्हा ती चालवायची, मी शेजारी बसून उरलेली बटणं लावायचो. ऐंशीला काय, शंभरला लावायचो. सुई कधी बोटात गेली नाही.

मिस्त्री : हे बघा, ताई. यंत्राने सांगितलं नसतं असं सांगितलं तुमच्या बाबांनी. म्हणजे बिघाड वर्षभरातला. गाडी किती दिवस उभी होती?

मुलगी : आई गेल्यापासून दहा महिने. गेले तीन महिने बाबा चालवतायत.

बाबा : उभी नव्हती. दर रविवारी सुरू करत होतो. वीस मिनिटं.

मिस्त्री : जागची हलवत होतात?

बाबा : हलवायची कशाला? इंजिन चालू राहिलं म्हणजे झालं. तीच म्हणायची, गाडीला आठवड्यातून एकदा जाग आणावी लागते.

मिस्त्री : जाग आणायची म्हणजे फिरवून आणायची, भाऊ. तुम्ही तिला उठवून परत झोपवत होतात.

मुलगी : दहा महिने तुम्ही नुसते तिच्यात बसत होतात? शेजारच्या काकू सांगायच्या, रविवारी सकाळी बाबा गाडीत दिसतात. मला वाटायचं, कुठेतरी जाऊन येत असतील.

बाबा : कुठे जाणार? मी माझ्या जागेवर बसायचो.

मिस्त्री : तुमच्या म्हणजे?

बाबा : शेजारच्या. हात लांबवला की किल्लीपर्यंत पोचतो.

मुलगी : शेजारच्या सीटवर बसून गाडी सुरू करायचात?

बाबा : गिअरमधून काढलेली असायची. काळजी घेत होतो.

मिस्त्री : मला वाटतं, थरथर सापडली. ताई, तो जॅक इकडे सरकवा. भाऊ, खडू आहे का?

बाबा : माझ्या खिशात खडू नसेल असं होईल का?

मिस्त्री : चपटा आहे, उत्तम. आता बघा. चाक उचललं. मी हाताने फिरवतो, तुम्ही खडू टायरच्या अगदी जवळ धरा. टेकवू नका. टायर स्वतःहून येऊन घासेल तेवढाच घासू द्या. कापड कापताना धरता तसा हात स्थिर.

बाबा : कापड कापताना कापड फिरत नाही.

मिस्त्री : धरा हो.

मुलगी : रेघ उमटतेय. सगळीकडे उमटली. नाही, इथे नाही. काका, एवढा भाग कोरा राहिला.

मिस्त्री : किती?

मुलगी : तळहाताएवढा.

मिस्त्री : तिथे टायर चपटा झालाय. दहा महिने त्याच भागावर गाडीचं वजन होतं. आता चाक फिरतं तेव्हा प्रत्येक फेरीला तो भाग खाली येतो. हळू असताना कळत नाही. ऐंशीला एका सेकंदात दहा-बारा वेळा येतो, म्हणून थरथर. दुसऱ्या चाकालाही असणार.

बाबा : म्हणजे मी केलं.

मिस्त्री : रविवारी फक्त दोन हात पुढे ढकलली असती तरी झालं नसतं. पण माझ्याकडे येणारे निम्मे लोक हेच करतात. इंजिनाची काळजी सगळ्यांना, चाकांचा विचार कोणी करत नाही.

मुलगी : धोक्याचं आहे?

मिस्त्री : थांबा, तेच बघतोय. चाक वरखाली हलवून बघतो, ढिलाई नाही. आडवं, ढिलाई नाही. बेअरिंग शांत आहे. टायरला चिरा नाहीत. एक्सलच्या सांध्यांची रबरं शाबूत आहेत. वहिनींनी मरण्याआधी, माफ करा, जाण्याआधी सगळं बदलून घेतलं होतं माझ्याकडून.

बाबा : मरण्याआधीच म्हणा. मला लोक येऊन इतके शब्द सांगतात की कोण कुठे गेलं तेच कळत नाही.

मिस्त्री : आता तुमचा ठक. कधी येतो?

बाबा : गिअर बदलताना.

मिस्त्री : क्लच दाबताना की सोडताना?

बाबा : दाबताना.

मिस्त्री : विचार करून सांगा. बहुतेक गाड्यांना सोडताना येतो. सोडताना इंजिन चाकांना ओढायला लागतं, तेव्हा कुठे काही सैल असेल तर ठोका बसतो. दाबताना ओढ सुटते.

बाबा : दाबताना. मी एवढं सांगू शकतो. काज कुठे आणि बटण कुठे, एवढं मला कळतं.

मिस्त्री : बसा मग गाडीत. मी चालवून बघतो. तुम्ही शेजारी, ताई मागे.

बाबा : माझी जागा तीच.

मिस्त्री : वा. सीट बरोबर माझ्या मापाची आहे.

बाबा : ती तुमच्याएवढीच होती.

मिस्त्री : चला. पहिला. दुसरा. काही ऐकू आलं?

बाबा : नाही.

मिस्त्री : तिसरा. परत दुसरा. मुद्दाम झटका देतो. आता?

मुलगी : माझं डोकं आपटलं. बाकी काही नाही.

मिस्त्री : या मैदानात गोल फिरवतो. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून. सांधा गेला असेल तर कटकट येते. आता दुसऱ्या बाजूला. ऐका.

बाबा : काही नाही. या जागेवरून मला सगळं ऐकू येतं. काही नाही.

मिस्त्री : आता मोठ्या रस्त्यावर. साठ. सत्तर. हां, आली. ऐंशी. आहे, थरथर आहे. हात लावून बघा, भाऊ.

बाबा : हीच.

मिस्त्री : हिचं कारण कळलंय. पण तुमचा तागा काही पडला नाही. ब्रेक पायाने दाबून गाडी धरतो आणि क्लच अर्धा सोडतो. इंजिनाखालची रबरं फाटली असतील तर इंजिन उडी मारेल. नाही मारत. शहाण्यासारखं बसलंय.

मुलगी : काका, म्हणजे आवाज नाहीच?

बाबा : आहे. खोटं बोलायला मला काय पडलंय?

मुलगी : बाबा, मी असं म्हटलं का?

बाबा : तोंडावर दिसतं तुझ्या. म्हाताऱ्याला भास होतात.

मिस्त्री : भांडू नका, माझं लक्ष जातं. भाऊ, आता तुम्ही या इकडे. मी शेजारी बसतो. ताई, तुम्ही मधे सरका, दोन्ही सीटच्या फटीतून पुढे बघा. चला, पहिला टाका.

बाबा : टाकला.

मिस्त्री : दुसरा.

बाबा : ऐकलंत?

मिस्त्री : ऐकलं. अगदी तागा. परत करा. तिसरा.

मुलगी : आला. परत आला.

बाबा : मग? भास झाला का तुलाही?

मिस्त्री : एकच गाडी, एकच रस्ता, तेच गिअर. माझ्या पायाखाली आवाज नाही, तुमच्या पायाखाली आहे. आता वेगळं काय आहे?

मुलगी : बाबा.

मिस्त्री : गॅरेज आलंच. दारात घ्या, भाऊ. थांबा. इंजिन बंद. आता नुसता क्लच दाबा.

बाबा : दाबला.

मिस्त्री : आला. इंजिन बंद, गाडी उभी आणि आवाज आला. सोडा. पाय असाच वर ठेवता?

बाबा : कसा ठेवू? जागाच एवढी आहे.

मिस्त्री : ताई, दिसतंय का तुम्हाला? पाय क्लचवरून वर आला की यांचा गुडघा स्टिअरिंगखालच्या त्या प्लास्टिकच्या झाकणात रुततो. झाकण आत दबतं. क्लच दाबला की गुडघा खाली येतो, झाकण सुटून जागेवर परत येतं. ठक.

बाबा : गुडघा लागतो हे मला माहीत होतं. पण आवाज त्याचा आहे हे वाटलं नाही. खालून आल्यासारखा वाटायचा.

मुलगी : डावा गुडघा.

मिस्त्री : डावाच. क्लच डाव्या पायाने दाबतात.

मुलगी : काका, मी लोकांचे सांधे बरे करते. तेच माझं काम आहे. तीन महिने मी या डाव्या गुडघ्याला फोनवरून शेक देतेय, व्यायाम देतेय. बाबा, मी तुम्हाला चित्रं काढून पाठवली. गुडघा कसा वाकवायचा याची.

बाबा : छान होती चित्रं.

मुलगी : तुम्ही मला सांगितलंत, मशीनचं पायडल मारून दुखतोय.

बाबा : मला वाटलं तसंच असेल.

मुलगी : मशीनला मोटर बसवून चार वर्षं झाली.

बाबा : जुनं दुखणं असेल म्हटलं.

मिस्त्री : सोपं आहे. सीट मागे घ्या. खाली दांडी आहे, ती वर ओढायची आणि पायाने रेटायचं.

बाबा : राहू दे.

मिस्त्री : अडकलीय का? थांबा, तेल सोडतो.

बाबा : अडकलेली नाही.

मिस्त्री : मग?

बाबा : झाकणाला एखादी पट्टी लावा. आवाज येणार नाही असं करा काहीतरी.

मिस्त्री : आवाज बंद करीन. गुडघ्याचं काय? तुमचं माप घ्यायचं तर दुसऱ्या शिंप्याला हात वर करावे लागतील, एवढे उंच आहात. तुम्ही इथे बसलात म्हणजे घडी घालून ठेवल्यासारखे दिसता. आयुष्यभर लोकांना त्यांच्या मापाचे कपडे शिवलेत आणि स्वतः दुसऱ्याच्या मापात बसलाय.

बाबा : हो. बसलोय.

मुलगी : बाबा.

बाबा : काय?

मुलगी : सीट आईची आहे म्हणून?

बाबा : कपाट तू आवरलंस, बरं केलंस. मला झालं नसतं. चष्मा देऊन टाकला. पलंग मीच भिंतीकडे सरकवला, मधे पाय लागायचा. सगळंच हललं. ही तेवढी राहिली. त्या दिवशी ती स्वतः गाडी चालवत दवाखान्यात गेली, नुसत्या तपासणीला, आणि उतरली. ती उतरली तेव्हा होती तशीच आहे ही.

मिस्त्री : पण दवाखान्यातून गाडी मी घरी आणून लावली होती.

बाबा : तुम्हालाच सांगितलं होतं ना आणायला.

मिस्त्री : मला वाटलं, माझ्यावर विश्वास म्हणून.

बाबा : तोही होता. पण तुम्ही बुटके आहात.

मिस्त्री : तेव्हा, त्या दिवशी, तुम्ही एवढा विचार केला होता?

बाबा : दुसरं करण्यासारखं काही नव्हतं तिथे. डॉक्टर आत होते. मी बाहेर बसून विचार करत होतो की गाडी कोण नेईल. जावई उंच आहे, त्याला नको म्हटलं.

मुलगी : तो म्हणाला होता मला. बाबांनी किल्ली दिली नाही, माझा राग आलाय का. मी वर्षभर त्याला सांगतेय की तुम्ही रागावलेले नाही.

बाबा : त्याला सांग, त्याची उंची नडली.

मुलगी : आणि माझ्याकडे यायला निघालात तेव्हा अर्ध्या वाटेत काय झालं? थरथरीला घाबरलात?

बाबा : नाही ग. उतरायला पाय खाली टेकवला तर उभं राहता येईना. एका टपरीवर अर्धा तास बसलो. मग वाटलं, तुझ्या दारात लंगडत आलो तर तू किल्ली काढून घेशील. म्हणून फिरलो.

मुलगी : आणि मी समजले, तुम्हाला माझ्याकडे यायचंच नाही. मला वाटलं, ही गाडी दारात आहे तोवर तुम्ही तिच्यातच बसून राहाल. म्हणून त्या माणसाला बोलावलं. गाडीशी माझं काही वाकडं नाही, बाबा. मीही तिच्यातच गाडी शिकले.

बाबा : तुझा पहिला दिवस आठवतो मला. मी मागे होतो. सहा बटणं वाया गेली.

मिस्त्री : भाऊ, एक सांगू? वर्षातून दोनदा सर्व्हिसिंगला गाडी यायची. मी दर वेळी सीट शेवटपर्यंत मागे ढकलायचो, त्याशिवाय मला खाली डोकं घालता येत नाही. वहिनी गाडी न्यायला यायच्या. बसायच्या आणि म्हणायच्या, हलवलंत का माझं सिंहासन? एक झटका, सीट पुढे. आणि वाक्य संपायच्या आत गाडी फाटकाबाहेर. दर वेळी. त्यांनी ती किती वेळा हलवली असेल याचा हिशोब नाही.

बाबा : ती हलवायची ते वेगळं. तिला परत जागेवर आणता यायची. मला कळणार नाही कुठे होती.

मिस्त्री : एवढंच ना?

बाबा : एवढंच कसं?

मिस्त्री : भाऊ, मी आयुष्यात एकही वस्तू खूण केल्याशिवाय सोडवलेली नाही. साधा नट असला तरी आधी पांढऱ्या रंगाचा ठिपका देतो, मग सोडवतो. कुठे होतं ते आधी लिहून ठेवायचं, मग हात लावायचा. माझ्या वस्तादाने पहिल्या दिवशी हेच शिकवलं. ताई, त्या फळीवर छोटी डबी आहे, ब्रश आतच आहे.

बाबा : खडूने नको. खडू पुसतो, मला माहीत आहे.

मिस्त्री : रंग आहे. माझे ठिपके गाडी भंगारात जाईपर्यंत टिकतात.

मुलगी : ही घ्या, काका.

मिस्त्री : सीटच्या रुळावर एक ठिपका आणि त्याच्या समोर सीटवर एक. दोन ठिपके समोरासमोर आले की सीट वहिनींच्या जागेवर. अंधारातही बोट फिरवून कळेल.

बाबा : बारीक करा.

मिस्त्री : शिंप्याला आवडेल एवढे बारीक करतो.

बाबा : थोडा तिरका झाला.

मिस्त्री : तुम्ही खाली वाकून बघितलंत, गुडघा दुखला नाही का?

बाबा : दुखला.

मिस्त्री : झाले. एक मिनिट वाळू द्या. आता तुम्ही दांडी ओढा. मी नाही ओढणार.

मुलगी : मी ओढू, बाबा?

बाबा : नको. तू त्या बाजूने ये. माझ्या जागेवर बस.

मुलगी : बसले.

बाबा : एक. दोन. तीन.

मिस्त्री : अजून एक खाच.

बाबा : चार.

मिस्त्री : पाय पसरा. क्लच दाबा. सोडा. दाबा. काही?

बाबा : नाही.

मुलगी : मलाही ऐकू आलं नाही.

बाबा : समोरचं वेगळंच दिसतं इथून. बॉनेट पूर्ण दिसायचं, आता दिसत नाही.

मिस्त्री : बॉनेट बघायचं काम माझं आहे. तुम्ही रस्ता बघा. आता न्यायाधीशाचं ऐका. गाडी चांगली आहे. सांधे, रबरं, ब्रेक, सगळं ठीक. फक्त ते दोन टायर. एक मार्ग असा की आत्ताच नवे घालायचे. दुसरा असा की आज साठ-सत्तर किलोमीटर सरळ चालवायची, मधे न थांबता. तुम्ही घर ते दुकान जाता त्यात टायर गरमच होत नाहीत. गरम झाले की रबर मऊ होतं आणि कधीकधी तो चपटा भाग आपोआप भरून येतो.

मुलगी : कधीकधी म्हणजे?

मिस्त्री : म्हणजे माझ्या शब्दावर पैज लावू नका. नाही भरला तर उद्या या, बदलू. तोवर थरथरेल. थरथरली म्हणून काही निखळणार नाही, मी सगळं हाताने हलवून बघितलंय. स्टिअरिंग घट्ट दाबायचं नाही. नुसतं धरायचं.

मुलगी : बाबा, साडेतीन वाजले. आधी घरी जाऊ. तो माणूस येईल, त्याला निदान भेटायला पाहिजे. मी शब्द दिलाय. मग काय ते ठरवू.

बाबा : बरं.

मिस्त्री : गाडी विकलीत तर माझे ठिपके पुसून द्या. माझी खूण लोकांना कळता कामा नये.

बाबा : पँट टाका दुकानात. गुडघ्याला आतून तुकडा लावून देतो. तुमचा गुडघाही गेलाच आहे.

(मोठा रस्ता. बाबा चालवत आहेत. मुलगी शेजारी आहे.)

मुलगी : सत्तर झाले. आली थरथर.

बाबा : कळतेय मला.

मुलगी : घट्ट धरलंय तुम्ही.

बाबा : सवय नाही. ती एका हाताने धरायची. दुसरा खिडकीत.

मुलगी : आणि तुम्ही तिला सांगायचात, दोन्ही हात लाव.

बाबा : रोज. बावीस वर्षं. कधी लावला नाही. आणि एकदाही कोणाला धडकली नाही, त्याचाच मला राग यायचा.

मुलगी : गुडघा?

बाबा : आहे जागेवर.

मुलगी : आज रात्री शेक घ्या. आता खरोखरच उपयोग होईल. बाबा, पुढे घराचं वळण आहे.

बाबा : हो.

मुलगी : डावीकडचा दिवा दाखवा.

बाबा : हो.

मुलगी : बाबा, वळण गेलं.

बाबा : गेलं का?

मुलगी : तुम्ही बघत बघत सोडलंत.

बाबा : इथून वेगळं दिसतं म्हटलं ना. पुढे कुठून तरी वळू.

मुलगी : पुढे वळण नाही. पुढे सरळ माझं गाव.

बाबा : जावई घरी असेल?

मुलगी : सहाला येतो. तुम्ही कपडे आणले नाहीत.

बाबा : शिंपी आहे मी. काहीतरी करीन.

मुलगी : गोळ्या?

बाबा : वरच्या खिशात. नेहमी असतात.

मुलगी : हात जरा ढिला सोडा. असं. आता किती झाले?

बाबा : ऐंशी. तू बघ ना, तुला काटा दिसतो.

मुलगी : पंच्याऐंशी झाले. थरथर कमी वाटतेय का?

बाबा : थोडी. किंवा मला सवय झाली.

मुलगी : नाही, मघाशी दार वाजत होतं. आता वाजत नाही.

बाबा : फोन वाजतोय तुझा.

मुलगी : चार वाजले. तोच असणार.

बाबा : उचल. शब्द दिलायस.

मुलगी : हॅलो. हो, मीच बोलतेय. तुम्ही दारात आहात? माफ करा, आधी कळवायला हवं होतं. नाही, उद्याही नको. नाही हो, दुसऱ्या कोणाला दिलेली नाही. गाडी घरी नाहीये. बाबा घेऊन गेलेत.